ळ

भरमूला शाळेतून काढलं
ते एका महिन्यापुरतं.
आता भिंतीवर तिसरं कॅलेंडर आहे,
तेही सोसायटीचंच, त्याच गणपतीचं.

शाळेत पोरगं बोलायचंच थांबलं होतं.
बाईंची कन्नड, पुस्तकाचं इंग्रजी, माझी मराठी,
तिघी एकदम हाका मारायच्या
आणि हा मधे उभा,
चपलेच्या अंगठ्याकडे बघत.

आमची शाळा कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला भरते.
लोंढ्याकडची गाडी गेली की मधली सुट्टी.
गाडी उशिरा आली तर सुट्टीही उशिरा,
ह्यावर शाल्मलीचा तक्रार अर्ज आलाय, सहीसकट.
ती व्याकरणाच्या वहीत लिहिते "मी जाते"
आणि उंबऱ्यातून ओरडते, "मी जातो गं आई!"
मी दुरुस्त करत नाही.
जन्मभर मीपण जातो, येतो, करतो असंच म्हणत आलो.
खानापुरात बाई कुठं 'जाते'?
'जाते' ती पुस्तकातली.

पुस्तकं मात्र आहेत, घराला पेलणार नाहीत इतकी.
पलीकडच्या गावचं वाचनालय मोडलं
तेव्हा काजूच्या सात पोत्यांतून आणली.
सासूबाई पोत्यात हात घालून म्हणाल्या,
"काजूच असते तर."
कागदाला अजून बोंडांचा वास येतो.
मागच्या पानांवर निळ्या शाईच्या तारखा,
कुणी शांतव्वा, चौऱ्याहत्तर सालचे दहा पैसे बाकी.
आजारी पडली असेल,
की शेवट पटला नाही म्हणून
पुन्हा पहिल्यापासून वाचत बसली?

मी चुलीपाशी वाचतो. भाकरी करपली
की आतनं शाल्मली विचारते,
"कोण मेलं गं?"

भरमूही वाचायचा, खरं मनात.
बोट ओळीवरनं सरकायचं, ओठ मिटलेले.
एका रात्री ह्यांच्यापाशी रडलो.
हे कौलांच्या भट्टीवर असतात,
पुस्तकाला हात लावत नाहीत,
पानावर मातीचं बोट उठेल म्हणून.
म्हणाले, "कौल भाजलं की टिचकीला वाजतंय.
दार आधी उघडलं तर तडकतंय.
बघूया की."
आणि कूस बदलून घोरायला लागले.

मग एक मंगळवार.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शाल्मली
प्रत्येक अक्षराला पाच शब्द लिहीत होती.
'ह'पर्यंत धावत आली आणि 'ळ'शी अडली.
शब्दकोश उलथापालथा केला,
माझ्यावर चिडली, जसं काय मीच लपवलेत शब्द.
"'ळ'नं काही सुरू होत नाही, बाळ."
"का खरं?"
मला कुठं माहीत.
शेजारची गंगव्वा ताक द्यायला आली होती,
तिला विचारलं. तांब्या खाली ठेवून
तिनं बोटांवर बराच वेळ मोजलं,
"नम्मल्लू इल्ल," म्हणाली. त्यांच्यातपण नाही.
दोन भाषांच्या दोन बायका,
एका अक्षरापुढं हात टेकून बसल्या.

तेव्हा पोत्यांच्या मागनं आवाज आला,
न वापरलेल्या दाराच्या कडीसारखा.
"त्याला मधे बोलता येतंय.
शेवटी पण येतंय.
केळ. गूळ. माळ.
तू पहिला बोल म्हटलं
की गप्प बसतंय ते."

कुकरनं तिसरी, चौथी, पाचवी शिट्टी दिली.
डाळ लागली. कुणी उठलं नाही.
गाडीसुद्धा कधी गेली कळलं नाही,
सुट्टी बुडाली, त्याचा अर्ज अजून यायचाय.

शाल्मलीनं 'ळ'पुढची जागा कोरीच ठेवली,
खरं खाली रेघ मारली, लाल, दोनदा.

रात्री हे आले. सगळं ऐकलं, जेवले,
हात धुऊन, पुसून, पुन्हा पुसून
झोपलेल्या पोराच्या कपाळावर
हलकीशी टिचकी मारली
आणि कान लावला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"थांब की," म्हणाले, "ऐकू दे."