शेरा

गळ्याखालच्या हाडावर चिकटवायचं यंत्र,
अंगठ्याला बटण.
थरथरलं की दाबायचं, एवढंच.
जितका उशीर, तितकं लक्ष कामाने खाल्लेलं.
दिघ्यापासून बेलापूरपर्यंत हे सांगत फिरतो
आणि सगळे आधी विचारतात,
पगार कापणार का?

रबाळ्याला इंजेक्शनच्या बाटल्या तपासणारी कुंदा घरत.
मागे काळा पडदा, वर पांढरा दिवा, मिनिटाला चाळीस बाटल्या.
आठशे दहा मिलिसेकंद.
"एखाद्या बाटलीत केस पोहतो," म्हणाली,
"मग घरी भातातही तोच शोधत बसते."

तुर्भ्याच्या मार्केटात काट्यावर विसपुते.
दोनदा बटण दाबलंच नाही त्यांनी,
दोन्ही वेळा कांद्याचा भाव फुटत होता.

महाप्यात सोळा पडद्यांसमोर एकटा अनुज,
सोळांतही माणूस नाही.
"झोप नाही येत, सर. कंटाळा येतो. ते वेगळं."
त्याला रकाना नव्हता.

मग नेरूळ, म्हाताऱ्यांचा आश्रम, रात्रपाळी.
यमुना भोईर दाराशी मोड आलेले वाल सोलत.
दोनशे दहा. सगळ्यांत जलद.
सूत्राप्रमाणे लिहिलं: कामाची मागणी नगण्य.

दोन चाळीसला ती उठली,
हातातला वाल अर्धा सोललेला तसाच ठेवून
चार नंबरच्या खोलीत गेली,
कामतआजींना कुशीवर वळवलं, पाठ चोळली.
मधे यंत्र थरथरलं, तेही दाबलं तिने.
परत येऊन तोच वाल उचलला.

"काय ऐकू आलं?"
"काही नाही. म्हणून तर उठले."

आता ऑफिसात, अहवाल.
लक्ष देतात, तसं ठेवतातही.
दिलेलं मोजता येतं.
ठेवलेलं कुठे असतं,
एकोणीस वर्षं, रोज रात्री, वाल सोलताना?
शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ मावते.
लिहिलं: यंत्र बदलून पाहावे.
खोडलं.
लिहिलं: निरीक्षक बदलून पाहावा.
तेही खोडलं, वर साहेब बसतात.

बटणाला अजून वालाच्या सालीचा वास आहे.
पुसायला हवं.
उद्या सकाळी सातला
घणसोलीच्या क्रेनवाल्याला लावायचंय.