फेकू नये

आज उणे ऐंशीचा फ्रीजर रिकामा करायचा होता.
नवा सोमवारी येतोय, निम्म्या विजेवर चालणारा.
माझा करार संपतोय त्याआधीच्या शुक्रवारी,
म्हणून हे काम माझ्याकडे.
जाणाऱ्याच्या हाती झाडू द्यायची रीत
तार्तूमध्येही आहे.

खाली एमायोगी गोठलेली.
पुलापाशी एक म्हातारा बर्फाला भोक पाडून
गळ सोडून बसलाय, सकाळपासून.
वर मी, लाकडी कालथ्यानं
बर्फ खरवडतेय. पांढरा भुगा
बुटांवर पडतो आणि लगेच पाणी होतो.

मी डबे काढते, रेलिका यादीवर खुणा करते.
दोन हजार चौदा, हेल्दुर:
आता हेलसिंकीत औषधं विकतो, गाडी मोठी आहे म्हणे.
दोन हजार सोळा, ती हंगेरियन मुलगी
जिचा सात एकासारखा दिसायचा.
तिच्या एका सातापायी
माझे पाच महिने वाया गेले.
तिचा डबा मी जरा जोरातच आदळला.

आई व्होरूला शेजारणींना सांगते,
मुलगी पोस्टात आहे.
दोनदा समजावलं, मग सोडून दिलं.
तसं पाहिलं तर काय खोटं आहे?
दुसऱ्यांची पाकिटं जपायची,
शाई पुसटलेली,
घेणारा गाव सोडून गेलेला.

माझं एन्झाइम चार अंशांना जगतं.
खोलीत आणलं की वीस मिनिटांत
ढगाळतं, आणि मग ते कुणाचंच नसतं.
म्हणून हिवाळ्यातून उठून मी थंड खोलीत जाते,
कोट घालून कॉलमसमोर बसते.
चाळीस सेकंदांना एक थेंब.
एका थेंबात माझी सगळी बिऱ्हाडं आठवून होतात:
उप्सालाची गच्चीखालची खोली,
ब्र्नोतली, जिथं नळ गायचा,
आणि ही, जिच्या भिंतीला मी
तीन वर्षांत एकही खिळा मारला नाही.

सगळ्यात खालच्या कप्प्यात, बर्फात चिणलेली,
एक नळी. लाल टोपण.
तारीख नाही, नाव नाही,
फक्त प्रीदूच्या तिरक्या अक्षरात: फेकू नये.

प्रीदू आता विल्यांदीत राईचे पाव भाजतो.
फोन लावला. मागे भट्टीचं दार वाजत होतं.
म्हणाला, एन्झाइमं तीच गं, फक्त आता
लोक ती चावून खातात.
नळीत काय आहे?
बराच वेळ गप्प.
टोपण कुठलं?
लाल.
मग महत्त्वाचं असणार, म्हणाला,
आणि हसला, आणि मग हसायचा थांबला.

प्रोफेसर लेंबित दारातून डोकावले.
यादीत नसेल ते सरळ पिशवीत टाका.
मी मान हलवली.
त्यांनी माझ्या मुलाखतीचं विचारलं,
मी म्हटलं, बघू,
हे भिजत घोंगडं आहे अजून.
त्यांना वाटलं मी फ्रीजरबद्दल बोलतेय.
पोछा कपाटात आहे, म्हणाले.

माझ्या डब्यात एक्क्याऐंशी घरं.
ऐंशी भरली आहेत: तारीख, तुकडी, माझी आद्याक्षरं,
सात नीट आडवी रेघ मारून काढलेले.
शेवटच्या घरात लाल टोपण बसलं.
रेलिकानं यादीत एक आकडा वाढवला
आणि पेन्सिल कानामागे खोचली.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.
डबा कोरड्या बर्फात गेला.

मग मी प्लग काढला.
पंख्याची घरघर आधी बारीक झाली, मग बंद.
इतकी वर्षं त्या आवाजाच्या वर बोलत होतो
म्हणून रेलिका ओरडलीच:
पाणी!
दाराखालून बाहेर येत होतं,
सावकाश, व्हरांड्याकडे.
खिडकीतून पाहिलं तर म्हातारा
रिकामी बादली उचलून
दुसरीकडे नवं भोक पाडत होता.