आठ बाय चार

न्हाणीमागे जागा उरली ती आठ फूट बाय चार.
टेपानं मोजली, दोनदा.
पंचफुला म्हणाली, "कंदच लावाचे तर हळद लावा,
कोचई लावा. पोटात तरी जाईन."
मी काही बोललो नाही.
खुंटीवरची चामड्याची पिशवी काढली,
डेपोनं परत मागायची विसरलेली,
आणि खाटेवर उपडी केली.

एकोणीस वर्षं या पिशवीत चिल्लर वाजली.
आता कंद. सत्तावीस.
एकेक कागदात गुंडाळलेला, कागदावर थांब्याचं नाव,
माझंच अक्षर, धावत्या गाडीतलं, वाकडं.
भाड्याच्या खोल्यांत हे सगळे डालड्याच्या डब्यांत राहिले,
बदली झाली की डब्यातून पिशवीत,
पिशवीतून दुसऱ्या डब्यात.
घर झालं, तर जागा आठ बाय चार.

गुलछडी राहील. तिच्याबद्दल वाद नाही.
बोरखेडीची तुळसाबाई मंगळवारच्या बाजाराला
हारांची टोपली घेऊन चढायची,
एकदा पैशाऐवजी मूठभर कंद ठेवले हातावर.
तिकीट मी फाडलं, माझ्या खिशातून.
त्या अडीच रुपयांचा वास
अजून येतो, दिवे गेल्यावर जास्त.

कर्दळ नको.
कर्दळ पाहुणी येते नि मग घर मागते.

ग्लॅडिओलस नागपूरच्या प्रदर्शनातून विकत आणलेला,
पैसे देऊन आणलेला हा एकटाच,
काळ्या मातीत आधी सडला तोही हाच.
दोन उरलेत. देऊन टाकीन शाळेत.

कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा दुभंगलेला.
फूल असं, की बघताना हात पुढं जातो,
आणि कंद असा, की हात मागंच ठेवावा.
शेजारी शालिकच्या बकऱ्या, घरात रांगती नात.
उद्या सायकलवर जाऊन
जिथून आणली त्या झुडपात ठेवून येईन.
(हे मी गेल्या वर्षीही म्हणालो होतो.)

चेंडू लिली मात्र पाहिजे.
पारा सेहेचाळीसवर, कुत्रं सावली सोडत नाही,
तेव्हा हा गडी पानाबिनाची वाट न पाहता
जमीन फोडून नुसतं डोकं वर काढतो, लालभडक,
जसा कुणी न थांबणाऱ्या गाडीला हात करावा.

शेवटी एक उरला. कोचईएवढा, केसाळ.
कागदावरचं नाव घामानं पुसलेलं,
पण मला पाठ आहे: उमरी फाटा.
फाटा आता धरणाच्या पाण्याखाली.
शेवटच्या फेरीत एका माणसाचं सगळं घर टपावर होतं,
पेट्या, पाळणा, दाराची चौकट.
उतरताना त्यानं हा माझ्या हातात दिला.
"ठेवा साहेब. आमाले कुठी लावाचा, ठाव नाई अजून."
नाव विचारायचं राहिलं. कंदाचंही, त्याचंही.

पंचफुला उचलून वास घेते.
"फूल कसं येते याले?"
"नाई आलं."
"कधीच?"
"अकरा वर्षं झाले. पानं येतेत."
"मंग कायले ठेवता?"
मला उत्तर सापडेना. शोधत बसलो,
सुटे पैसे शोधावे तसा.

ती उठली, नाल्यातली रेती घेऊन आली पाटीभर.
काळी माती पाणी धरते, रेती लागतेच;
हे तिला मी सांगितलेलं नव्हतं.
खुरप्यानं मधोमध खड्डा केला,
दोन बोटं खोल, पुन्हा एक बोट,
आणि त्याला बसवला, टोक वर करून.
भोवती हळद. ती तिनं सोडली नाही.
माझी गुलछडी गेली भिंतीकडे,
चेंडू लिली नळाच्या कोपऱ्यात.

"भाजीत टाकशील एखाद दिवशी," मी म्हणालो.
"तं चिठ्ठी लावा नं."
औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, काडी खोचली.
नाव काय लिहावं, सुचेना.
मग जुन्या सवयीनं थांबा लिहिला,
तारीख लिहिली,
आणि कुठपर्यंत, ती जागा कोरी ठेवली.