छाट

विडी घरकुलात, सूप मांडीवर घेऊन
नरसम्मा विचारते,
"जंतूच सोडणार अंगात?"

लेक म्हणते, दात काढलेत त्यांचे, अम्मा.
पाठीवर गाठीची खूण बांधलीय फक्त.
जंतू दिसले की रक्तातले राखणदार धावतील,
धावता धावता खूण शिकतील.
गाठ आपल्याच पेशींची ना,
कुणी हटकलंच नाही तिला आजवर.

"म्हणजे छाटवाला."
चाळीस वर्षं कारखान्यात
हजारातल्या पन्नास विड्या
नुसत्या चिमटीत धरून फेकल्या त्यानं.
"मेल्याची बोटं पाहिजेत आत."

गालातली सुपारीएवढी गाठ
ती जिभेनं चाचपते.
मग दोरा तोडत,
"तुझे उंदीर कसे आहेत?"

"सहा जगलेत."
"होते किती?"

शेजारी यंत्रमाग खडखडतो.
लेक सुपातली पानं मोजते,
पुन्हा पहिल्यापासून.