दहा किलोच्या आतलं

सावद्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला असतो मी.
ट्रक रिकामा चढतो, ट्रक भरून चढतो,
भरल्यातून रिकामा वजा केला की केळी उरतात.
हिशेब एवढाच.

टेबलाच्या खणात, पावतीबुकांच्या मागे, स्टीलचा डबा.
त्यात कॅमेरा, यावलच्या मुबारक तडवीकडून घेतलेला,
सव्वा लाख वेळा उघडझाप झालेला.
सव्वा लाखात नवऱ्यामुली, करवल्या, आहेराची भांडी,
रुसलेले मामा.
मी घेतला तेव्हा पट्ट्याला अजून हळद होती.
पहिले काही दिवस काहीही टिपलं, बाभूळ, बंब, कुत्रं,
तरी वाटायचं आतून कुणी म्हणेल: जरा हसा.

पकडीचं रबर उन्हानं चिकट होऊन सुटलं,
तिथे पंक्चरवाल्या शकीलनं ट्यूबचं ठिगळ लावून दिलं.
पैसे घेतले नाहीत, फोटो मागितला.
तो द्यायचा राहिलाय.

धूळ उडवायला डॉक्टर झांबऱ्यांच्या
जुन्या बी.पी. यंत्राचा फुगा.
ओल शोषायला बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या;
गल्लीत कुणी नवे बूट घेतले की मला आधी कळतं.
लेन्सच्या कोपऱ्यात बुरशीचा एक धागा आहे,
हेडलाइट समोर आला की तो फोटोत उगवतो
गव्हाच्या कोंबासारखा.
पुण्याला पाठवा, साफ होईल, म्हणतात.
राहू दे.

ट्रायपॉडचा तिसरा पाय मोडला
तेव्हापासून दादर ज्वारी भरलेली पिशवी,
मंदाकिनीनं परकराची शिवलेली.
तिच्यावर कॅमेरा मांजरासारखा बसतो.
पावसात पिशवीतून किडे निघाले, तेव्हा ज्वारी बदलली,
कॅमेऱ्याआधी पिशवीचीच सर्व्हिसिंग झाली.
आणि मे महिन्यात पारा सेहेचाळिसावर गेला
की केळीच्या पानात गुंडाळतो त्याला.
ड्रायव्हर विचारतात, आज काय आणलं जेवायला, भाऊ?

एकदा तीनच्या सुमाराला काटा मोकळा होता.
सगळं सामान नेऊन प्लेटवर मधोमध मांडलं,
आत येऊन आकडा पाहिला:
शून्य.
साठ टनांच्या काट्याला दहा किलोच्या आतलं दिसत नाही.
मग मी स्वतः उभा राहिलो. बाहेरच्या लाल आकड्यांत सत्तर.
कॅमेरा गळ्यात, सत्तर.
कॅमेरा खाली ठेवून, सत्तर.
शून्याची एक पावती काढली त्या रात्री.
पाकिटात आहे अजून.

फोटोखाली चार ओळी लिहायच्या, ही दुसरी खोड.
ती फोनवर, अंगठ्यानं, दोन ट्रकांच्या मधे.
श्रावणात फोन निसटला, काट्याच्या लोखंडावर आपटला.
काच तडकली. बाकी सारं चालू,
फक्त ह आणि क्ष यांच्या मधलं एक अक्षर
कितीही दाबा, उठेना.

आठवडाभर वाट वाकडी करून लिहिलं.
घड म्हटलं, फणी म्हटलं,
रात्रीच्या रंगाला डांबरी म्हटलं,
नजर म्हटलं, नेत्र म्हटलं,
नेत्र लिहिल्यावर माझंच मला हसू आलं.
मग एका पहाटे वैतागून
घरात बोलतो तसंच टाकलं लिहून:
केयी. डोया. काया ढग. सकाय.
पाचवीत ह्याच शब्दांवर भंगाये गुरुजींनी
पान फाटेपर्यंत लाल पेन फिरवलं होतं.

घरी आलो. माय ओट्यावर भाजी निवडत होती.
फोन तिच्या हातात दिला.
आधी फोटो पाहिला. "अंधारच काढला रे सारा."
मग काचेच्या तड्यावरून बोट नेत
तिनं खालची ओय वाचली.
एरवी दर शब्दाला अडते.
आज अडली नाही.

मोबाईलवाला म्हणतो, अठराशे रुपये,
सांजेपर्यंत नवी काच बसवून देतो.
बघू, म्हटलं.
एवढा केयीचा हंगाम जाऊ दे.