नऊ ते एक

अर्ज हातानंच लिहायचा, काळ्या शाईनं.
खाडाखोड चालत नाही.
एक अक्षर हुकलं की अख्खा कागद नवा.

काल रात्रीत तीन गेले.
एकात माझंच नाव चुकलं,
चिझुए, बेचाळीस वर्षं लिहितेय.
दुसऱ्यावर कोहारूच्या सूपचा थेंब.
तिसरा अगदी नीट उतरला होता,
पण साल टाकताना
मी अजून मागच्याच सम्राटाच्या राज्यात होते.

कुशिरो स्टेशनाबाहेर फोटोची पेटी आहे.
नऊशे येन. पडद्याखालून
माझी पिशवी दिसत असणार, पिशवीतून कांद्याची पात.
यंत्र म्हणालं, कृपया हनुवटी किंचित खाली.
दिवसभरात मला कृपया म्हणालेलं
ते एकटंच.

काम पोस्टातलं. पत्रं वेगळी करायची,
गल्लीनिहाय, नऊ ते एक.
कोहारूची शाळा तीनला सुटते.
सासऱ्यांना न्यायला गाडी येते, पण मंगळवारी आणि गुरुवारी.
सोमवारी ओकुयामा बाई बसतील म्हणाल्या,
शुक्रवारी नणंद, तिचे गुडघे बरे असले तर.
बुधवारचं काय
ते बुधवारलाच ठाऊक.

तोशियाचा फोन आला बोटीवरून.
म्हणाला, जमेल तुला.
जोर ‘जमेल’वर होता की ‘तुला’वर,
धुक्याचा भोंगा मध्येच वाजला,
कळलं नाही.

मग स्वयंपाकघराच्या दाराशी सराव.
दोनदा टकटक, आत तीन पावलं, वाकायचं,
बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही.
भाताच्या कुकरसमोर वाकले, त्यानं शिटी दिली.
पुन्हा बाहेर. पुन्हा टकटक.

सासरे गरम टेबलाच्या दुलईत पाय घालून
संत्रं सोलत होते.
एकतीस वर्षं बंदरावरचा बर्फाचा कारखाना चालवला त्यांनी,
हाताखाली चाळीस माणसं.
हल्ली सकाळी काय जेवलो ते दुपारी आठवत नाही.
पण त्यांनी साली एका बाजूला सारल्या,
स्वेटरचं वरचं बटण लावलं,
आणि म्हणाले,
बसा.

मी बसले.

आधीची नोकरी का सोडली?
घरी माणसं होती.
किती?
तीन. एक रांगणारं, एक बोटीवर, एक…
एक?
एक वयस्कर.
त्यांनी मान हलवली. अवघड असतात ती.

बर्फ उचलता येतो?
शिकेन.
हात दाखवा.
लादीत तडा आहे का बघावं
तसे त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले,
करंगळीच्या भाजल्या डागापाशी थांबले,
काही बोलले नाहीत.

या उद्यापासून. पहाटे चारला.
मूल लहान आहे म्हणालात?
आमच्या घरी ठेवत जा बिनघोर.
आमची सून असते.
दिवसभर रिकामीच असते ती.

मी आभार मानले. रीतीप्रमाणे वाकले,
तीन पावलं मागे, दार हळू ओढून घेतलं.
दाराच्या अलीकडे, सिंकला टेकून,
हसू आवरेना म्हणून तोंडात पदरासारखा
भांडी पुसायचा फडका कोंबला.
त्याला संत्र्याचा वास होता.
किती वेळ हसत होते, आणि त्यातलं
हसू किती, ते राहू दे.

परत गेले तर ते झोपी गेले होते बसल्या बसल्या,
बटण तसंच लावलेलं.
अर्धं संत्रं माझ्या जागेपुढे ठेवलेलं,
शिरा काढून.

साडेपाचचा कुकर लावला.
कोहारूच्या मोज्याचं भोक बांधलं.
चौथा कागद काढला.
नाव बरोबर. साल बरोबर, याच सम्राटाचं.
शेवटी एक रकाना असतो,
अर्जदाराच्या काही अपेक्षा असल्यास.
सगळे तिथं लिहितात, काही नाही,
आपल्या नियमांप्रमाणे.

मी पेन टेकवलं, खाडाखोड चालत नाही हे आठवत,
आणि लिहिलं:
बुधवार सोडून.