बघू म्हणजे किती

वर्गात दोरी बांधली मी, उंटाच्या केसांची,
शेगडीपासून खिडकीपर्यंत.
या टोकाला शून्य, त्या टोकाला एक,
मधे कपड्यांचे चिमटे
आणि चिमट्यांत शब्द:
अशक्य. अवघड. होईल किंवा नाही. बहुधा. नक्की.
"पाव, अर्धा, पाऊण," मी म्हणाले,
"शब्दाला अंगचं माप नसतं, ते आपण द्यायचं."

तेवीस मुलं. बहुतेक वसतिगृहातली.
आईबाप गोबीच्या काठाने मेंढरांमागे,
दोन-दोन दिवसांच्या वाटेवर.
"वर्गात उंट येईल" ही चिठ्ठी
शून्यावर लावायला गेले, तर एकच गलका:
"बाई, गेल्या वर्षी आला होता!"
खरंच आला होता. दारातून मानेपर्यंत.
फळ्याखालचा खडू चाटून गेला.
चिठ्ठी बोटभर पुढे सरकवली.
शून्य तेव्हापासून रिकामंच आहे.

मग हाडं काढली, मेंढीच्या घोट्याची,
खेळून खेळून गुळगुळीत झालेली.
चार अंगं: मेंढी, बकरी, घोडा, उंट.
राजधानीहून आलेलं पुस्तक म्हणतं,
अंगं चार, तेव्हा घोडा पडण्याची शक्यता
एक छेद चार.
मीही तसंच फळ्यावर लिहिलं.
नोमुन्दारी हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसलीच.
"घोडा पाव नाही पडत, बाई.
पाव पडला असता
तर त्याला एवढा मान कशाला असता?"

टाका मग, म्हटलं. मोजा.
शंभर वेळा टाकलं, जमिनीवर, पालथ्या मांडीने.
मेंढी एक्केचाळीस. बकरी अडतीस.
उंट दहा.
घोडा अकरा.
मी पाव पुसला.
हाताला खडू लागला, थोडी लाजही.

गालबद्राख मागच्या बाकावरचा, सहसा बोलत नाही.
"बाई, बघू म्हणजे किती?"
बघू?
"बाबा म्हणतात. शनिवारी न्यायला येता का,
असं फोनवर विचारलं की."
कोणी हसलं नाही.
बहुतेकांचे बाबा बघूच म्हणतात.
"किती वेळा म्हणाले?"
"सात."
"आणि आले?"
बोटं मोजली नाहीत त्याने. पाठ होतं.
"एकदा. मोटरसायकलवर. बर्फ होता तरी."
मी कोरी चिठ्ठी दिली.
त्याने लिहिलं, बघू,
आणि खाली, पट्टीने आडवी रेघ मारून,
वर एक, खाली सात.
चिमटा लावताना टाचा उचलाव्या लागल्या त्याला.
मी मदत केली नाही.

मे महिन्यात छापील पेपर आले.
प्रश्न नववा: घोडा पडण्याची शक्यता किती?
बावीस जणांनी लिहिलं, अकरा छेद शंभर.
नोमुन्दारीने लिहिलं, एक छेद चार,
आणि बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात:
हाड कारखान्यात बनलं असतं तर.

"मार्क मिळतील ना, बाई?"
तपासनीस साहेब यायचे होते अजून,
त्यांची उत्तरपत्रिकाही राजधानीचीच.
मी शेगडीत एक गोवरी सारली,
राख झटकली, आणि म्हटलं,
"बघू."

तेवीस माना
दोरीकडे वळल्या.